उत्तरेच्या तुळईतली दोरी

स्त्रिंबेनी, रविवार, २६ सप्टेंबर १९९९

पारास्काताई,

वालेर बस घेऊन अंगणात उभाय आणि मुद्दाम इंजिन चालू ठेवलंय, म्हणजे मी घाई करीन. करणार नाही. पत्रं पार इटलीत, पादोव्हाला पोचवतो म्हणून आख्ख्या खोऱ्यातल्या बायका त्याला केक खाऊ घालतात, मग माझ्यासाठी दहा मिनिटं थांबला तर काय बिघडलं.

तुझी कॉफी पोचली. वोइकाने ती कपाटात सगळ्यात वर ठेवलीय, पाहुण्यांसाठी. मी तिचा नवरा, या घरात चोवीस वर्षं राहतोय, अजून पाहुणा झालेलो नाही.

आता मुख्य गोष्ट. जुन्या चर्चच्या दुरुस्तीचं काम मला मिळालंय. मलाच, पिंत्याच्या नातवाला. शहरातून कोट घातलेली दोन माणसं आली होती. त्यांनी भिंती ठोकून बघितल्या, कळस बघून माना मागे टाकल्या, म्हणाले की पावणेतीनशे वर्षं एक खिळा न मारता उभंय हे. मी म्हटलं उभंय कुठे, टेकलंय. त्यांना विनोद कळला नाही. पायाच्या चार तुळयांपैकी एक पार पोखरलीय, बोट घातलं की भुसा हातात येतो. ती काढून नवी ओकची घालायची, बाकी भिंत जॅकवर तोलून धरायची. शिवाय कळसावरची लाकडी कौलं. बर्फ पडायच्या आत.

गावात कुजबूज झालीच. शेवटची दुरुस्ती त्रेपन्न साली आपल्या आजोबाने केली आणि त्याच शरद ऋतूत तो गेला. पिंत्या सावल्यांचा धंदा करायचा, हे तर मी शाळेत असल्यापासून ऐकत आलोय. तू लवकर गाव सोडलंस, तुला कोणी डिवचलं नाही. मला पोरं उन्हात शेजारी उभं राहू द्यायची नाहीत.

मागच्या सोमवारी, वीस तारखेला, दुपारी मी ती जुनी तुळई उघडली. आत एक खाच होती. वीतभर लांब, नीट कोरलेली, वर ओकचं झाकण आणि त्याला लाकडी खुंट्या. आजोबाचं काम, सांधा बघूनच कळलं. झाकण काढलं तर आत दोरी. तागाची, गेरूने लाल झालेली, गुंडाळी करून ठेवलेली. उंदरांनी शिवलेली नाही.

ताई, माझ्या पाठीवर ऊन होतं. झाकण उचललं तेव्हा माझी सावली सरळ त्या खाचेत पडली.

म्हातारी पालागा तेव्हा कुंपणापाशी होती. काठी टाकून तिने क्रॉसची खूण केली. लहानपणी बांधकामाजवळून गेलो की बायका ओरडायच्या ना, सावली सांभाळा रे. ज्याच्या सावलीचं माप भिंतीत घातलं तो चाळीस दिवसांत जातो आणि मग तिथेच राहतो, इमारत धरून. पालागा म्हणते, भरलेली खाच कोणी रिकामी केली तर ती पहिल्या पडलेल्या सावलीला धरते.

मी हसलो. सहा दिवस झाले. अजून हसतोय, पण आता जरा ठरवून हसावं लागतं.

आजी सावेता शेवटी तुझ्या आईशीच बोलायची. आत्याने तुला कधी काही सांगितलं होतं का? दोरी कोणाची?

तुझा मामेभाऊ,
तोदेर

—

पादोव्हा, गुरुवार, ३० सप्टेंबर

तोदेरा,

चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या, तीन गावांतली छपरं घातलेला, आणि पालागाच्या नादी लागतोस. त्या बाईने माझ्या आईला सांगितलं होतं की रेडिओ ऐकला की दूध नासतं.

मला कोणी काही सांगितलेलं नाही. दोरी आहे तशी गुंडाळ, खाचेत ठेव, झाकण लाव. नवी तुळई घातलीस की तिच्यात तशीच खाच कर आणि त्याच जागी ठेव. उत्तरेच्या भिंतीत, बायका उभ्या राहतात त्या भागात, तिसऱ्या फळीखाली. पाद्रीबुवांना बोलू नकोस, ते वर कळवतील.

दोरी ताणून मोजू नकोस. उगाच तुटेल.

इथे काही विशेष नाही. सिन्योरा ओर्सोला अठ्ठ्याऐंशी वर्षांची झाली. सकाळी मला ओळखते, दुपारी मी तिची बहीण असते, संध्याकाळी मी चोर असते. मी तिन्ही होऊन पाहिलंय, बहीण असणं सगळ्यात कठीण. कॉफी पुन्हा पाठवतेय, हे पाकीट वोइकाला दाखवू नकोस.

आणि जेव. वालेर म्हणाला, तू त्याला उभ्यानेच पत्र दिलंस, खुर्ची धरून.

पारास्का

—

स्त्रिंबेनी, रविवार, १० ऑक्टोबर

ताई,

आज विसावा दिवस.

मागच्या रविवारी मी पत्र दिलं नाही, कारण लिहिलेलं वाचलं तर ते मृत्युपत्र वाटत होतं. वोइकाने चुलीत टाकलं. बरं केलं.

काम थांबलंय. जुनी तुळई मी काढली, नवी तासून गवतावर आडवी पडलीय, आणि ती आत सारायला मला जमत नाहीये. जमत नाही म्हणजे, तासायचा वाकस उचलतो, धार बघतो आणि परत ठेवतो. तिघं मदतनीस होते, त्यातला एक तिसऱ्या दिवशीच पाठदुखीने गेला, दुसऱ्याच्या सासूला बरं नाही, तिसऱ्याने खरं सांगितलं. चर्च जॅकवर अधांतरी आहे. उत्तरेची बाजू सहा बोटं खाली आलीय आणि कळस पालागाच्या घराकडे बघतोय. भिंतीभोवती तो कोरलेला दोर आहे ना, पीळ घातलेला, चर्चला पट्ट्यासारखा बांधलेला, त्याला चीर गेली. जुनी माणसं म्हणतात तो दोर आहे तोवर चर्च सुटणार नाही. पाद्रीबुवा रोज येतात. ओरडत नाहीत, नुसते आकाशाकडे बघून विचारतात, बर्फ कधी पडेल रे तोदेर.

मी जेवत नाही हे खरंय. मक्याचा मामालिगा ताटात तसाच गार होतो. घराच्या मागे फर वृक्षाच्या चांगल्या फळ्या होत्या, त्या मी परवा रंधून ठेवल्या. वोइकाने विचारलं कशासाठी. मी म्हटलं कपाट. तिने फळ्यांची लांबी बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि शेजारणीकडे निघून गेली.

तू नको म्हणालीस तरी मी दोरी मोजली. मला जमिनीवर टाकून वोइकाने टोकं धरली. माझ्यापेक्षा दोन बोटं मोठी. म्हणजे उंच माणूस. आजोबाने कोण्या उंच माणसाला मारलं, ताई. तो कोण हे कळल्याशिवाय मी दोरी परत कशी ठेवू? मी ठेवली तर मी पण तोच धंदा केला.

आणखी एक. तू उत्तरेची भिंत लिहिलंस. तिसरी फळी लिहिलंस. मी माझं पत्र आठवून आठवून बघितलं. मी फक्त लिहिलं होतं की चारातली एक तुळई. मग तुला कसं कळलं? तुला माहिती आहे. वीस दिवस उरलेत, त्यातले तीन वालेरच्या रस्त्यात जातील. लवकर सांग.

तोदेर

—

पादोव्हा, गुरुवार, १४ ऑक्टोबर

तोदेरा,

बस खाली. वोइकाला पण बसव, तिला ऐकू दे.

सांगते. आईने मला शपथ घातली होती, ती मी आज मोडतेय.

दोरी तुझ्या इलारीकाकाची आहे. माझ्या इलारीमामाची. चव्वेचाळीस साली तो युद्धावर निघाला त्या सकाळी आजी सावेताने त्याला दाराच्या चौकटीशी उभा केला आणि डोक्यापासून टाचेपर्यंत माप घेतलं. घरात दुसरी दोरी नव्हती, आजोबाची रेघ मारायची गेरूतली दोरी होती, तीच घेतली. कशासाठी ते तुला माहितीये. माणूस मेला की त्याच्या उंचीची वात घेऊन मेण लावतात, गुंडाळी करून छातीवर ठेवतात, तीन संध्याकाळी ती जळते आणि त्याला रस्ता दिसतो. आईचं मन, तिने विचार केला की हा तिकडेच कुठे पडला तर इथे त्याच्या मापाची वात तरी असावी.

मग कागद आला नाही. मेल्याचा नाही, असल्याचा नाही. नऊ वर्षं तिने ती दोरी उशाखाली ठेवली. वात पेटवली तर तो मेला असं तिनेच ठरवल्यासारखं झालं असतं. नाही पेटवली आणि तो खरंच मेला असला, तर तो अंधारात उभा. त्रेपन्न साली आजोबा चर्चची तुळई बदलत होता, तेव्हा तिने त्याचे पाय धरले. म्हणाली, हे देवाच्या घरात ठेव, मेलेल्यांत नाही आणि जिवंतांतही नाही. म्हणून खाच, म्हणून झाकण. बायकांच्या बाजूला, कारण तिला वरून पाय ठेवायचा होता. दर रविवारी ती तिसऱ्या फळीवर उभी राहायची. तुला आठवत असेल, तू लहान होतास.

बस एवढंच. कोणी कोणाला मारलं नाही. त्या खाचेत सावली कधी नव्हतीच, तेव्हा तुझी तिथे अडकायचं कारण नाही. आजोबा छातीच्या दुखण्याने गेला.

आता ऐक. नवी तुळई घाल, खाच कर, दोरी तिथेच ठेव. आजीची इच्छा होती. दुसरं काही करू नकोस. आणि त्या फळ्यांचं खरंच कपाट कर. म्हणजे कॉफी ठेवायला आणखी एक उंच जागा होईल.

पारास्का

—

स्त्रिंबेनी, रविवार, ३१ ऑक्टोबर

ताई,

एकेचाळिसावा दिवस. तीन वेळा मोजला, एकदा बोटांवर, एकदा कॅलेंडरवर, एकदा वोइकाने. मी सकाळी उठलो, नाक शिंकरलं, चार अंडी खाल्ली. काल संध्याकाळी वोइका माझा हात धरून बसली होती. लग्नाच्या दिवशी पण एवढा वेळ धरला नव्हता.

तुझं पत्र पंधरा तारखेला, शुक्रवारी आलं आणि सोमवारी मी कामावर होतो. पाठदुखीवाला आला, सासूवाला आला, खरं बोलणारा सगळ्यात आधी आला. गुरुवारी आम्ही तुळई आत सारली. ताई, तू हे बघायला हवं होतंस. सोळा माणसं, दोरखंड, साबण चोळलेले ओंडके, आणि पाद्रीबुवा झगा वर खोचून ढकलतायत. जॅक थोडा थोडा सोडला. भिंत खाली आली, सांध्यावर सांधा बसला, आणि आतून आवाज आला, म्हातारं माणूस गार पाण्यातून येऊन खाटेवर बसतं तसा. कळस सरळ झाला. आता पालागा तक्रार करते की तिच्याकडे बघायला कोणी राहिलं नाही.

इलारीकाकाबद्दल मी विचारलं. जुनी माणसं सांगतात तो इतका उंच होता की चर्चच्या दारात कपाळ आपटून घ्यायचा, आणि मग तिथेच शिवी तोंडात यायची म्हणून तोंडावर हात ठेवून आत जायचा. बरोबर, दोरी त्याचीच.

गाव माझ्याशी वेगळं बोलायला लागलंय. काल दोघंजण भर उन्हात माझ्या शेजारी उभे होते. आजोबाच्या कबरीवर कोणीतरी फुलं ठेवली. शेहेचाळीस वर्षांनी. हे तू केलंस, एका पत्राने.

खाच मी नव्या तुळईत कोरली नाही. रागावू नकोस. दोरी माझ्याकडे सुखरूप आहे, आणि मी तिचं एक फार चांगलं काम करणार आहे, पुढच्या शनिवारी. झालं की सांगेन. तुला आवडेल.

तोदेर

—

पादोव्हा, गुरुवार, ४ नोव्हेंबर

तोदेरा,

शनिवारी काही करू नकोस. हे पत्र उद्या पोचेल, उभ्याउभ्या वाच आणि ती दोरी जिथे असेल तिथून उचलून, माझ्या आईची लाकडी पेटी तुझ्याकडे आहे, तिच्यात ठेव.

चाळीस दिवस झाले, तू जिवंत आहेस, तेव्हा आता खरं सांगायला हरकत नाही. मी तुला खोटं सांगितलं. इलारीमामाचं माप कोणी घेतलं नव्हतं. तो पहाटे निघून गेला, आजी उठायच्या आधी.

दोरी माझी आहे.

मी सहा वर्षांची होते. आजोबाने ती उत्तरेची तुळई तीनदा बसवली होती आणि तीनदा ती सरकली. चौथ्या दिवशी चार वाजता मी कुंपणाशी प्लम वेचत होते. त्याने मला हाक मारली, म्हणाला, पारास्का, आपण एक खेळ खेळू, तू खांबासारखी उभी राहा, हललीस तर हरलीस. मी श्वास सुद्धा रोखला. तो माझ्या पायाशी बसला आणि गेरूतली दोरी जमिनीवर ताणत गेला, लांब, लांब, पार विहिरीपर्यंत. मी जिंकले. ऑक्टोबरची उतरती उन्हं होती, तोदेर. मी एवढीशी, पण माझी सावली इलारीमामाएवढी होती.

आई धुणं घेऊन येत होती, तिने लांबून बघितलं. ओरडली नाही. घरी नेऊन मला दोन फ्रॉक एकावर एक घातले, आणि संध्याकाळी आम्ही दोघी सिगेतला जाणाऱ्या गाडीत होतो, तिच्या ओळखीच्या बाईकडे. सगळ्यांना सांगितलं शाळेसाठी. चाळीस दिवस आई मला उन्हात जाऊ देत नव्हती. अडतिसाव्या दिवशी निरोप आला, आजोबा गेला. आजीने नंतर आईला सांगितलं की शेवटचे तीन आठवडे तो रोज चर्चच्या उत्तरेला जाऊन उभा राहायचा, टोपी काढून, तुळईच्या बाजूला सावली पाडून. विचारलं तर म्हणायचा, वाट बघतोय. त्याने माझ्या जागी स्वतःला दिलं की दोरीने चुकून त्याला उचललं, मला माहिती नाही. मी त्याच्यावर रागावले आहे की नाही हेही माहिती नाही.

तर मी मेले नाही. पण मी पूर्ण निघाले पण नाही. हे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. त्रेपन्न सालापासून दर रविवारी सकाळी, मी कुठेही असले, सिगेतला, सूतगिरणीत, इथे सिन्योराच्या स्वयंपाकघरात, मला डोक्यावर पाय ऐकू येतात. लोकरीच्या मोज्यांतले पाय, बायकांचे. मेंढीच्या कातड्याच्या कोटांचा ओला वास येतो. प्रार्थना येते, पण खालून, लाकडातून, शब्द नाहीत नुसता घोगरा सूर. कोणी बाई दमून एका पायावरून दुसऱ्यावर गेली की तिसरी फळी कुरकुरते आणि मला इथे दात शिवशिवतात. तू विचारलंस ना, कसं कळलं. मी त्या चर्चमध्ये सहाव्या वर्षानंतर पाऊल ठेवलं नाही, तोदेर, आणि मी तिथून कधी बाहेरही आले नाही.

तुझी भीती मला बघवली नाही म्हणून खोटं बोलले. एका मेलेल्या माणसाचं नाव दिलं, त्याला काय फरक पडणार होता. आता दोरी परत ठेव, कुठेही, पण लाकडात, अंधारात, कोरडी. मला त्याची सवय आहे. बाहेर ठेवलीस तर काय होतं मला माहिती नाही, आणि मला ते बावन्नाव्या वर्षी शिकायचं नाहीये.

पारास्का

(पाकिटाच्या मागे, निळ्या पेनाने, दुसऱ्या अक्षरात: तोदेर, सीमेवर गाडीचा पट्टा तुटला, दोन दिवस अडकलो. शुक्रवारचं पत्र रविवारी देतोय, माफ कर. वालेर.)

—

स्त्रिंबेनी, रविवार, ७ नोव्हेंबर

ताई,

झालं. आता सांगतो.

काल शरदातला मृतांचा शनिवार होता. मी विचार केला, आजीला जे धाडस झालं नाही ते आपण करावं. पंचावन्न वर्षं झाली, इलारीकाका आता येणार नाही. पण त्याला रस्ता तर दिसू दे. मी दोरी पालागाकडे नेली. तीच म्हातारी जी मला पुरून मोकळी झाली होती, ती तासभर रडली आणि मग बाह्या वर करून मेण वितळवायला बसली. गल्लीतल्या प्रत्येक घरून थोडं थोडं मेण आलं. दोरी बुडवली, वाळवली, पुन्हा बुडवली, सात वेळा. गुंडाळी केली तर झोपलेल्या मांजरीएवढी झाली.

चर्चमध्ये टेबलावर ठेवली, कोलिवाच्या, म्हणजे मृतांसाठी शिजवलेल्या गोड गव्हाच्या ताटांमध्ये. सगळं गाव आलं होतं. बायका मागे, त्यांच्या भिंतीवरच्या नरकासमोर. वोइका म्हणते बायकांच्याच वाट्याला तो रंगवलाय, म्हणजे त्यांनी घरी काय आहे ते विसरू नये. पाद्रीबुवांनी नावं वाचली आणि शेवटी इलारी म्हणाले, आणि मागून सगळ्या म्हाताऱ्या एकदम म्हणाल्या, आठवण राहो. चारला पेटवली. तीन संध्याकाळी पुरवायची म्हणून पाद्रीबुवांनी सहाला विझवायला हात पुढे केला, पण पालागा म्हणाली, पंचावन्न वर्षं वाट बघितलेल्याला आणखी दोन दिवस थांबवू नका. म्हणून जळू दिली.

एकच गंमत सांगतो. हातभर उरली असताना ज्योत अडली. विझेना आणि पुढेही सरकेना, नुसती उत्तरेकडे वाकून राहिली, दार बंद असताना. बराच वेळ. लहान पोर श्वास रोखून उभं राहतं ना, तसं. मग पालागाने हळूच म्हटलं, जा बाळा, जा. आणि ती सरसर शेवटपर्यंत गेली. सव्वासातला संपली. राख पण जेमतेम चिमूटभर.

आणि ताई, चर्च शांत झालंय. ते रात्रंदिवस कुरकुरायचं, आपल्याला कळतही नव्हतं इतकी सवय होती. आज सकाळी सगळ्या बायका उभ्या होत्या आणि एक फळी वाजली नाही. दारही बसलं, जे माझ्या बापाच्या आठवणीत कधी बसलं नव्हतं. इतकी शांतता की मला जरा ऐकावंसं वाटेना.

वालेरची बस येतेय, दोन दिवस उशिरा. त्याच्याकडे तुझं काही असेल.

तोदेर

—

(फरच्या लाकडी कौलावर, सुताराच्या पेन्सिलीने, तारीख नाही)

ताई, कागद समोर घेतला की शब्द येत नाहीत, लाकडावर येतायत. तुझं पत्र मी बसच्या पायरीवर वाचलं. माझं परत मागितलं तर वालेरने पिशवी उघडून दिली, मग मीच पुन्हा ठेवलं, कारण जे झालं ते तुला कळायला हवं. शनिवारपासून तुझे चाळीस दिवस सुरू झाले. सोळा डिसेंबर. मी रोज चारला उत्तरेच्या तुळईशी उभा राहतो, टोपी काढून, बाजूला सावली पाडून. ती कोणी घेत नाहीये. एक ओळ लिही. शिवी लिही.

—

स्त्रिंबेनी, रविवार, २८ नोव्हेंबर

ताई,

तीन आठवडे झाले. वालेर म्हणतो, त्याने पत्र आणि कौल दोन्ही दारात ठेवली, घंटा वाजवली, आतून एक म्हातारी इटालियन बाई ओरडली की बहीण झोपलीय, आणि दार उघडलं नाही.

बर्फ पडलंय. चर्च भक्कम उभंय, शहरातली कोटवाली माणसं येऊन फोटो काढून गेली. मला त्याच्याकडे बघवत नाही. मी वोइकाला सांगितलंय, दुसऱ्या कोणाला नाही. ती तुझ्यासाठी रोज एक ताट वाढून ठेवते, जिवंत माणसांच्या बाजूला, मुद्दाम.

बावीस झाले. मी मोजणं बंद करू शकत नाही.

तोदेर

—

पादोव्हा, गुरुवार, ९ डिसेंबर

तोदेरा,

टोपी घाल आधी. आजोबासारखा तिथे उभा राहू नकोस, त्याला निदान ऑक्टोबर होता.

सहा तारखेच्या शनिवारी संध्याकाळी मी बटाटे सोलत होते. तो रविवार नव्हता, तरी मला पाय ऐकू आले, खूप पाय, आख्ख्या गावाचे, आणि मला वाटलं, हे आज कसे. मग मेणाचा वास आला. मग ऊब. हाताचं साल निघावं तशी नाही, उलटी, खूप वर्षं गार पडलेल्या पायात रक्त येतं तशी, दुखत दुखत. मी खाली बसले. सव्वासात वाजता पाय थांबले. तोदेर, मला फ्रिजचा आवाज ऐकू आला. तो सात वर्षं तिथे होता आणि मी कधी ऐकला नव्हता. पहिल्यांदा मी ज्या खोलीत होते, त्याच खोलीत होते.

मग ताप चढला, तीन आठवडे उतरला नाही. डॉक्टर येऊन गेला, त्याला काही कळलं नाही. सिन्योराने मला चमच्याने सूप पाजलं. मी तिची बहीणच आहे असं तिने कायमचं ठरवून टाकलं आणि घरात कोणाला घेईना, म्हणून वालेरला दार उघडलं नाही. तुझं लाकूड तिने उशाशी ठेवलं होतं. फरचा वास येत होता. म्हणाली, चांगल्या माणसाने पाठवलंय, लाकडावरची चूक खोडता येत नाही.

आता मी उठलेय. बारीक झालेय, रविवारी सकाळी काय करायचं ते समजत नाही. पाय नाहीत, सूर नाही. मागच्या रविवारी मी इतकी बावचळले की रस्त्यापलीकडच्या चर्चमध्ये जाऊन मागे उभी राहिले. दगडी आहे, कोणाचा पाय वाजत नाही. उन्हात बाहेर आले तर पायरीवर माझ्यापुढे सावली होती. मी हलले, ती हलली. किती वेळ मी तिथे हात वरखाली करत होते ते सांगत नाही, लोकांना वाटलं असेल मी कोणाला तरी बोलावतेय.

आज तेहेतिसावा दिवस. सातांत काय होईल ते मला माहिती नाही. तुला नाही, पालागाला नाही. तू मला मारलंस का सोडवलंस हे सोळा तारखेला कळेल असं तुला वाटतंय, पण मला वाटतं कळणार नाही. आजोबाचंही कधी कळलं नाही. मी मोजत नाहीये. तूही थांब.

त्यापेक्षा हे काम कर. सिन्योराचा मुलगा तिला नाताळात त्याच्याकडे नेतोय, आणि मी घरी येतेय, वालेरच्या तेवीस तारखेच्या गाडीने. वोइकाला सांग, ताट वाढतेच आहे तर ते आता खरंच लागणार आहे. पाकिटात एक दोरी आहे. पांढरी, धुण्याची, नवी. त्या रंधलेल्या फरच्या फळ्या अजून असतील तर त्यांची माझ्यासाठी खाट कर. खाटच. चारी पाय ठेव, झाकण नको, आणि खिडकीशी लाव, जिथे सकाळचं ऊन येतं.

माप बरोबर आहे. मी स्वतः घेतलंय, भिंतीला पाठ लावून, भर दुपारी बारा वाजता, सावली सगळ्यात आखूड असताना.

पारास्का